मेव्हण्याची पॉलिसी

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला पैशांतलं ओ की ठो कळत नसे. घरचा सगळा व्यवहार त्याची बायको बघायची. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा विजेचं बिल कुठून भरायचं, हेसुद्धा त्याने दवाखान्यात फोन करून विचारलं.

"अहो, हसले की टाके दुखतात," ती म्हणाली. "आता तरी शिका!"

मग दुपारी प्लास्टर सुकेपर्यंत तो कार्यशाळेत मोबाइल लावून बसू लागला. पहिला व्हिडिओवाला इतका ओरडत होता, की याने त्याला लगेच बंद केलं. नंतर एक निवृत्त प्राध्यापिका सापडल्या. फळा, खडू आणि शांत बोलणं. मेणात दात बसवता बसवता तो महागाई, चक्रवाढ व्याज, फंड असं सगळं ऐकू लागला. कळलं नाही तर धडा पुन्हा लावायचा.

विम्याच्या धड्याला मात्र त्याचा हात थांबला. बाई सांगत होत्या तशीच पॉलिसी त्यांच्या घरी होती. हप्ता भलामोठा, विमा नावापुरता आणि परतावा बँकेपेक्षाही कमी. ती गळ्यात मारली होती बायकोच्या एकुलत्या एका भावाने.

बरेच दिवस त्याने विषय टाळला. शेवटी कपडे वाळत घालताना चाचरत बोलून टाकलं.

"माहीत आहे मला," चादर झटकत ती म्हणाली. "नवीन नोकरी होती त्याची. टार्गेट पुरं होत नव्हतं. रडकुंडीला आला होता बिचारा."

"मग आता?"

"आता त्याचं बस्तान बसलंय. जेवायला बोलवू आणि सांगू."

मेव्हणा आला. भावोजींनी घसा खाकरून हप्ते थांबवायचे, साधा मुदतीचा विमा घ्यायचा आणि उरलेले पैसे फंडात टाकायचे, असं सांगितलं. मेव्हणा ऐकत राहिला, मग खो खो हसत सुटला.

"भावोजी, खरं सांगू? मी स्वतः घेतलेली नाही ती!"

"गाढवा!" ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण हसू तिलाही आवरेना.

"हे सगळं शिकलात कुठे? मलाही पाठवा ना," तो म्हणाला.

पुढचा धडा दोघांनी कार्यशाळेतच ऐकला. मेव्हणा मधूनमधून "अरेच्चा!" म्हणत होता आणि कवळ्या बनवणारा त्याला थांबवून समजावत होता. शाळेत कायम मागच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाला हे सुख नवीनच होतं.