पिवळ्या पडद्याचा सणाचा फ्रॉक

मित्रांनो, आधी नाक मुरडायचं बंद करा. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. मी एक जुना पडदा. नऊ वर्षं खिडकीत लटकलो आणि आता समिधा नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा सणाचा फ्रॉक आहे.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून सिल्व्हर पार्कच्या गिरिजाताईंनी मला आणलं. सुती कापड, रंग पिवळाधमक! पाहुणे म्हणायचे, "वा, काय पडदा आहे!" आणि मी वाऱ्यावर जरा जास्तच फुगायचो. त्यांचा मुलगा सार्थक आंबा खाऊन हात मलाच पुसायचा. घर गार राहावं म्हणून दुपारचं ऊन मी रोज अंगावर घेतलं. पण घराला नवा रंग दिला, नवे करडे पडदे आले, आणि गरज सरो नि वैद्य मरो! मला काढून मासळी विकायला येणाऱ्या कमळाबाईंच्या हातात देत ताई म्हणाल्या, "मावशी, घेऊन जा. पोछ्याला होईल."

पोछा! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमळाबाई समुद्रकाठच्या चौक गावच्या. त्यांनी मला धुतलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. फरशीला लावलं नाही, एवढ्यानेच मी त्यांचा होऊन गेलो.

त्यांच्या गल्लीत नारळी पुनवेला सगळ्या मुली एकाच कापडाचे फ्रॉक घालतात आणि एकमेकींच्या कमरेला हात घालून नारळाच्या मिरवणुकीत चालतात. यंदाचा पिवळा तागा मे महिन्यातच आला, मापंही घेऊन झाली. कमळाबाईंची नात समिधा आली जूनमध्ये. तिची आई बाळंतपणाला रत्नागिरीला गेली होती, म्हणून ती आजीकडे राहायला आली. गल्लीत अजून तिची एकही मैत्रीण नव्हती. तागा संपला होता आणि दुकानातही तसलं कापड उरलं नव्हतं.

"आजी, मग मी रांगेत नाही ना?" तिने हळूच विचारलं.

"का न्हाय? माझ्याकडं पिवळं हाय," असं म्हणून कमळाबाईंनी मला बाहेर काढलं.

त्यांचं माप घेणं बघण्यासारखं! टेप नाही, काही नाही. जाळ्याचा दोरा पोरीच्या अंगाला लावायचा आणि गाठ मारायची. छातीला एक गाठ, कमरेला दोन, उंचीला तीन. दुपारीच ढगांनी अंधारून आलं होतं, म्हणून पिवळा बल्ब लावून त्या मशीनवर बसल्या. कात्री लागली तेव्हा माझा जीव खालीवर झाला, पण त्यांचा हात फार मायेचा होता. फ्रॉक झाला, फुग्यांच्या बाह्यांचा. खोटं कशाला बोलू, मी देखणा दिसत होतो.

पुनवेच्या सकाळी लख्ख ऊन पडलं आणि समिधा मला घालून अंगणात धावली. तिथे माझी अब्रू गेली. नऊ वर्षांच्या उन्हाने माझ्या अंगावर फिके पट्टे पडले होते आणि ते नेमके पुढून दिसत होते.

शेजारची आरोही म्हणाली, "हिचा येगळाच हाय!"

समिधा आत आली आणि दारामागे उभी राहिली. "मी नाही जाणार," एवढंच म्हणाली.

कमळाबाईंनी कपाळावर हात मारला. "बल्बाखाली मावरं बघून घेऊ नका, पिवळ्या उजेडात सगळंच ताजं दिसतं, असं गिऱ्हाइकाला मीच सांगते. आन मीच बल्बाखाली कापड कापलं!"

मला स्वतःचीच लाज वाटत होती. वाटलं, पोछाच झालो असतो तर या पोरीचं मन तरी मोडलं नसतं.

पण बाई हरणारी नव्हती. तिने पातेल्यात पाणी उकळलं, हळदीचा अख्खा डबा त्यात रिकामा केला आणि मला बुचकळलं. मग पिळून वर इस्त्री फिरवली. मिरवणूक निघाली तेव्हा मी दमटच होतो, पण पट्टा एकही दिसत नव्हता!

समिधा रांगेच्या टोकाला उभी राहिली. आरोहीने तिच्याकडे पाहिलं आणि कमरेला हात घातला. समुद्रापर्यंत मुली नाचत गेल्या, जागा बदलत राहिल्या, आणि माझी ओली हळद हातांना, गालांना, नव्या फ्रॉकना लागत गेली. परतताना सगळी रांग माखलेली होती.

"अगं, ही हळद कुणाची लावून आलात?" आया दारादारांतून ओरडत होत्या.

आरोही म्हणाली, "आमच्या समिधाची!"

मित्रांनो, ती हळद दोन धुण्यांत गेली. पट्टे पुन्हा दिसायला लागले, तरी समिधा मला घालूनच खेळायला जाते आणि आता कुणी काही म्हणत नाही. माझी एकच विनवणी आहे. पुढच्या वर्षी ही पोर उंच होईल. तेव्हा माझ्या खाली पट्टी जोडा, ठिगळ लावा, वाटेल ते करा. पण मला तिच्या अंगावरून इतक्यात उतरवू नका.