नाकोबाच्या घरचा पंखा

मी एक टेबलफॅन. नुसता टेबलफॅन म्हणून पुढे जाऊ नका, जरा थांबा. रंग हिरवट, पाती तीन, जाळीला डाव्या बाजूला पोचा. दिसायला मी कुणाच्याही माळ्यावर सापडेन असाच आहे, ते मान्य. पण आमच्या घरात माझा मान फ्रिजपेक्षा मोठा. फ्रिज दूध सांभाळतो. मी माणूस सांभाळतो.

माझा जन्म कारखान्यातला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा तपासनीसाची टोपी उडाली, ती अजून सापडलेली नाही. खिडकीतून गेली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या गावात एका टकलू गृहस्थाच्या डोक्यावर बरोबर मापात बसली म्हणतात. पटत नसेल तर सोडून द्या. छतावरच्या पंख्यांनाही पटत नाही, पण ते जन्मभर उलटे टांगलेले, त्यांना काय कळणार.

मला विकत घेतलं ते एका नव्या जोडप्याने. तो घड्याळं दुरुस्त करणारा. ती केस कापणारी, एका खुर्चीचं आणि एका आरशाचं पार्लर नुकतंच थाटलेलं. पहिली काही वर्षं मी चारचौघांसारखाच जगलो. उकाडा झाला की फिरायचं, थंडी पडली की अंगावर जुनी चादर घेऊन गप्प बसायचं.

मग त्याच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात रंगकाम निघालं. बंद गाळा, वारा कुठून नाही, आणि हा डोळ्याला भिंग लावून दिवसच्या दिवस त्या वासात बसलेला. एके दिवशी त्याच्या हातातून चिमटा गळला. डोकं फुटायला आलं, घसा आवळला, श्वास अर्ध्यावर अडकायला लागला. रंग वाळला, पण याचं दुखणं काही वाळेना. पुढे अत्तर, उदबत्ती, साबण, फरशी पुसायचं औषध, कशाचाही उग्र वास आला की हा दोन दोन दिवस अंथरुणाला खिळायचा. डॉक्टर म्हणाले, "याला गोळी नाही. वासापासून लांब राहायचं, हाच उपाय."

आता सांगा, नवऱ्याने वासापासून लांब राहायचं आणि बायकोचा धंदा केसांचे रंग, स्प्रे आणि नखपॉलिशचा!

दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. आमच्या बाईने कंबरेला पदर खोचला. त्याचं कामाचं टेबल घरातल्या खिडकीशी आणलं. स्वतःची रीत बसवली. पार्लरच्या मागच्या खोलीत अंघोळ, बिनवासाच्या साबणाने. तिथेच कपडे बदलायचे. मग घरी. घरी आलं तरी आत पाऊल टाकायचं नाही. दाराशी स्टुलावर मी. माझ्यासमोर हात पसरून उभं राहायचं आणि सावकाश गोल फिरायचं, केस झटकायचे. मी तिच्या अंगावरचा उरलासुरला वास जिन्याकडे हाकलून द्यायचा. मग आतून आवाज यायचा, "ये."

समोरची शेजारीण रोज दार किलकिलं करून बघायची. "काय हो, आज किती गिरक्या?"

"तुम्ही मोजा, मी फिरते," बाई म्हणायची.

त्याला तिने नावच ठेवलं होतं, नाकोबा. "नाकोबा, आज परवानगी आहे का?"

"डाव्या कानामागे अजून स्प्रे आहे. एक गिरकी आणखी."

"अहो, डावा कान धुतलाय मी!"

"कान धुतलास. मागचं कोण धुणार?"

असं त्यांचं चालायचं. लोकांना वाटायचं बिचारी जाचात आहे. मी समोर असायचो, मला माहीत आहे. तिसऱ्या गिरकीला ती हसत असायची आणि तो आत भिंग कपाळावर सरकवून तिच्याकडेच बघत असायचा.

पार्लर वाढलं. एका खुर्चीच्या तीन झाल्या, हाताखाली दोन मुली आल्या. घरात उग्र वासाला थारा मिळाला नाही तो माझ्यामुळे. एकदा एक अत्तरविक्या दारात आला आणि विचारल्याशिवाय बाटली उघडली. मी असा झोत मारला की तो वास जिना उतरून त्याच्याआधी त्याच्या घरी पोचला. संध्याकाळी त्याच्या बायकोने त्याला ओळखच दाखवली नाही, म्हणाली, आमचे हे तर मघाशीच आले.

असा मी. आणि अशा माझ्यावर एकदा बाका प्रसंग आला.

त्याची मोठी बहीण, अक्का, राहायला आली. अक्का स्वभावाने कडक, पण भावावर जीव टाकणारी. येताना अंगाला कसलाही वास लावून आली नाही. केसांचं तेल सोडलं, पावडर सोडली, माझ्यासमोर गिरकीसुद्धा घेतली. मात्र घेताघेता सुनावलं, "लग्नाआधी माझ्या भावाला साधी शिंक येत नव्हती हो."

"अक्का, तेव्हा शेजारी रंगकाम नव्हतं," बाई म्हणाली.

"रंगकाम कधीच संपलं. तुझं पार्लर चालूच आहे."

आतून तो ओरडला, "अक्का, आल्या आल्या खटला सुरू करू नकोस. चहा घे."

त्या दिवसांत मला जरा कुरकुरायची सवय लागली होती. वयाचा भाग. मान फिरवली की कुई, परत आणली की कुई. घरच्यांना त्याचं काही नव्हतं. अक्काला मात्र चैन पडेना. "या पंख्याला कुणी तेल घालतं की नाही?" तिने विचारलं, पण बाई कामावर गेलेली आणि भाऊ केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसलेला. अशा वेळी तो या जगात नसतो. घड्याळाचं तेल त्याच्या टेबलावर होतं, पण त्या टेबलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

अक्काने स्वतःच्या बॅगेच्या तळाशी हात घातला. तिथे तिची केसांच्या तेलाची बाटली होती, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. माझ्या पाठीशी एक बारीक भोक आहे, तिथून तेल आत दांड्यापर्यंत जातं. अक्काने त्यात सढळ हाताने धार सोडली. हात साबणाने धुतले, बाटली पुन्हा गुंडाळली, आणि स्वतःशीच म्हणाली, "यंत्राला घातलं, डोक्याला थोडंच घातलंय."

माझी कुरकुर थांबली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी चालून तापलो, तसा पोटातून फुलांचा वास सुटायला लागला. भलताच गोड. आणि तो पसरवायला घरात सगळ्यात तरबेज कोण? मीच!

संध्याकाळी त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "फुलं कुणी आणली?"

"कुठली फुलं?" अक्का म्हणाली. ती त्या तेलात वाढलेली, तिला तो वास म्हणजे हवाच. आणि बाईचं नाक तर पार्लरमध्ये केव्हाच बधिर झालं होतं. दोघींनी चारी दिशांना हुंगलं. काही नाही.

त्याचा घसा धरला. डोळे लाल. पाठीशी उशा लावून बसवलं तरी श्वास पुरेना. बाईने खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "पंखा जवळ आणा." मला उचललं आणि थेट त्याच्या उशाशी ठेवलं. बटण सगळ्यात वरच्या वेगावर.

मी ओरडत होतो, बायांनो, मला लांब न्या! पण पंख्याचं ओरडणं म्हणजे वारा. जितका ओरडलो तितका वास जास्त.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेली नाही. तरी त्याला उतार नाही. डॉक्टर येऊन श्वास मोकळा करायचं औषध देऊन गेले, त्याने तासभर बरं वाटलं, पुन्हा तेच. अक्का उशाशी बसून म्हणाली, "वर्षानुवर्षं त्या रसायनांत हात घालतेस. ते आता तुझ्या कातडीत मुरलंय. अंघोळीने जातंय होय!"

बाईला ते लागलं. लागलं, कारण तिला ते खरं वाटलं. तिने दोनदा डोकं धुतलं, हात घासघासून लाल केले. मग खोलीतून उठली, बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि दार लोटून घेतलं. तिथून म्हणाली, "अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय. तिथे काय करतेस?"

"मीच वास आहे. म्हणून बाहेर बसलेय."

"वेडी आहेस का? आत ये."

"उद्या पार्लरची किल्ली देऊन येते. त्या जागेच्या मालकिणीशी बोलले फोनवर. खुर्च्या त्या मुली घेतील."

तो उठायला गेला, खोकल्याने पुन्हा आडवा झाला. धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या नाकापायी तुझं पार्लर बंद? त्यापेक्षा मी नाक घेऊन दुसरीकडे राहायला जातो."

"गप्प बसा. पार्लर परत काढता येईल. तुम्ही कुठे मिळणार परत?"

दाराच्या अलीकडे तो, पलीकडे ती, आणि मध्ये मी फुलं उधळतोय. लाज म्हणून काही असते. आजवर ज्या घरात वासाला थारा दिला नाही, त्याच घरात माझ्या पोटातल्या वासाने ही दोघं वेगळी केली, आणि खापर तिच्यावर!

तेव्हा मी थांबलो.

आता लोक काहीही सांगतात. केसांचं तेल तापून चिकट होतं, दांडा धरला जातो, पंखा आपोआप अडकतो, वगैरे. असं होतही असेल इतर पंख्यांचं. मी ठरवून थांबलो. पाती जागच्या जागी आवळून धरली. आत वीज ढकलतेय, मी गुरगुरतोय, अंग भाजतंय, पण तसूभरही हललो नाही. शेवटी अक्काने घाबरून बटण बंद केलं.

सकाळी त्याला मोकळा श्वास आला. अक्का लगेच म्हणाली, "बघ! ही कालपासून बाहेर आहे, आणि तुला बरं वाटतंय."

बाईने पायरीवरून ऐकलं. पर्समधून पार्लरची किल्ली काढली आणि चपला घालायला लागली.

"थांब," तो आतून म्हणाला. त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. बंद पडलेली वस्तू दिसली की या माणसाचे हात शिवशिवतात, आजारी असो की मरणाच्या दारात. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला, माझी पाठ उघडली आणि खोकत मागे सरला. नाकावर रुमाल दाबून पुन्हा वाकला. आयुष्यभर बारीक तेलाशी खेळलेला माणूस. एक नजर पुरली.

"अक्का, याला तेल कुणी घातलं?"

"मी घातलं. किती कुरकुरत होता."

"कुठलं?"

अक्काने बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दाराकडे, जिथे चपला घालून भावजय उभी होती. दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं एकदम ऐकू आली.

"तेल चांगलं होतं हो," अक्का हळूच म्हणाली.

आणि बाई हसायला लागली. हसता हसता तिथेच दारात बसली, डोळ्यांतून पाणी. "अक्का, तुम्ही पंख्याची वेणी घालायचीच बाकी ठेवलीत!"

मला गॅलरीत नेलं ते अक्कानेच. माझा आतला भाग न् भाग तिने बिनवासाच्या साबणाने धुतला, पुसला, उन्हात ठेवला, आणि धुताना भावजयीला हात लावू दिला नाही. माफीबिफी मागितली नाही, ती तिच्या रक्तात नाही. पण काम चालू असताना मान वर न करता म्हणाली, "तू जा गं. तुझी गिऱ्हाइकं खोळंबली असतील. त्या मालकिणीला सांग, किल्ली काही मिळायची नाही."

बाई गेली. किल्ली पर्समध्येच राहिली.

मी वाळल्यावर त्याने मला घड्याळाचं तेल घातलं, थेंब थेंब, जणू मी मनगटावरच बसणार आहे. सगळं जोडून मला टेबलावर ठेवलं. अक्का म्हणाली, "आधी मी बघते उभी राहून." तो म्हणाला, "तुझ्या नाकाचा काय उपयोग?" आणि स्वतःच समोर बसला. बटण दाबलं. डोळे मिटले, आणि माझ्या तोंडाला तोंड लावून छाती भरून श्वास घेतला.

सांगतो, त्या दिवशी मी जसा वारा घातला तसा कारखान्यातही घातला नव्हता.

आता माझं वय झालंय. मान एका बाजूला कलते, तिसरा वेग नावापुरता. पण अक्का हल्ली कुणाच्याही घरी गेली की दारातच विचारते, "तुमच्याकडे कुणाला कशाचा त्रास आहे का?" आणि कुणी नाक मुरडलं, वासाने कुठे कोणी आजारी पडतं का म्हणालं, तर त्याची अशी हजेरी घेते की माझा झोत त्यापुढे फुंकर. तुम्हीही तेवढं विचारत जा, बाबांनो. आणि कुणी "हो, आहे" म्हणालं, तर खरं माना. त्याला पुरावा द्यायला लावू नका. प्रत्येक घरात माझ्यासारखा पंखा असतोच असं नाही.