बाहीतला लायटर

लायटर तिसऱ्यांदा नुसताच खरखरला, तेव्हा आयपिलीने खोकल्याचं सोंग केलं.

"खोकून दिवा पेटत नाही," त्याची बायको सीपोरा म्हणाली. तंबूतले नातेवाईक हसले. आयपिलीने पुन्हा दगडावर दगड आपटला. ठक. ठक. एखादी ठिणगी उडाली, गवताच्या कापसावर पडली आणि विझली.

दर वसंतात समुद्राच्या बर्फावर तंबू ठोकले की चरबीचा पहिला दिवा आयपिलीनेच पेटवायचा, आणि तोही त्या दोन सोनेरी दगडांनी. दगड मूळचे म्हाताऱ्या आर्नात्सियाकच्या वडिलांचे. एकदा बर्फ फुटून घसरगाडीसकट सगळे पाण्यात गेले, तेव्हा त्यांनी काठावर येऊन याच दगडांनी विस्तव केला आणि पोरं वाचवली. ते वारले त्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांकडे मुलगा झाला, तोच हा आयपिली. त्याला त्यांचं नाव दिलं, दगड दिले आणि त्यांची सगळी नातीगोतीही दिली. म्हणून सुरकुतलेली आर्नात्सियाक मैल्याचा टँकर चालवणाऱ्या आयपिलीला 'बाबा' म्हणते, आणि तो तिला 'पोरी'. याला इग्लुलिकमध्ये, कॅनडाच्या उत्तरेकडच्या या इनुइट वस्तीत, कुणी हसत नाही. हसतात ते टँकरला.

नाव आलं, हात मात्र आला नाही. पहिल्या वर्षी त्याने बोटं सोलून घेतली. दुसऱ्या वर्षी लायटर घेतला. तेव्हापासून उजव्या हाताने ठकठक आणि डाव्या बाहीतून विस्तव, अशी कामाची वाटणी होती. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, तसतसा आयपिलीचा हात सफाईदार होत गेला. याची त्याला लाज वाटे, पण ती दिवा पेटल्यानंतर.

यंदा लायटर रात्रभर घसरगाडीवरच्या पेटीत राहिला आणि त्यातला गॅस थिजला. नेमका यंदाच. म्हातारीच्या किडन्या गेल्या होत्या. सोमवारच्या विमानाने तिला ओटावाला नेणार होते. तिकडे गेलेली म्हातारी माणसं परत येतात, पण बहुधा सामानाच्या कप्प्यातून.

शेवटी सीपोराने काडी ओढून दिवा लावला. "वारा फार आहे," कुणीतरी समजूत घातली. तंबू बंद होता.

चहा झाल्यावर बाकीचे सगळे सीलच्या शिकारीला गेले. आर्नात्सियाक कॅरिबू हरणाचं सुकं मांस चघळत बसली होती.

"बाबा, तुमच्या विस्तवाला वास का येत नाही हो?"

"कसला वास?"

"दगडांचा. नासक्या अंड्यासारखा. मी लहान होते तेव्हा तुमच्या बोटांना यायचा. या खेपेला जन्मलात तेव्हापासून दुकानातल्या लायटरचा येतो."

आयपिली बराच वेळ दिव्याची वात सारखी करत राहिला. ती सारखीच होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बापाला कोण बोलतं?" ती म्हणाली, आणि दाढेखालचा तुकडा दुसऱ्या बाजूला घेतला.

वस्तीत परतल्यावर आयपिली टँकरच्या केबिनमध्ये दारं लावून दगड आपटत बसला. इकडे घरोघरच्या टाक्या तुंबल्या. गावच्या रेडिओवर बायकांनी फोन करून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. सीपोरा येऊन काच वाजवून गेली.

"आत काय अंडी उबवतोयस?"

"नासलीत," तो म्हणाला.

सोमवारी विमान वेळेवर आलं. एरवी येत नाही. आर्नात्सियाकने निरोपाला आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या गालाला नाक टेकवलं आणि हुंगलं. मग थांबून त्याचा हात वर घेतला आणि सोललेली बोटं एकेक करून हुंगली.

"पेटला?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याचा त्याला सरावही होता.

"नाही गं पोरी. ठिणग्या पडतात. धरत नाहीत."

"कापूस दमट असेल. रात्रभर अंगाशी ठेवा." तिने त्याचा हात सोडला. "तुम्हीच तर सांगायचात आम्हाला."

नर्सने तिला शिडीवरून वर नेलं. प्रत्येक पायरीवर ती थोडी थांबली, पण मागे वळली नाही. तसंही तिला दिसलं नसतं.

विमान दिसेनासं झालं, तेव्हा आयपिली टँकरमध्ये चढला. काचेपाशी पडलेला गवताचा कापूस त्याने गोळा केला. काखेतल्या खिशातून लायटर काढला आणि कापूस तिथे ठेवला. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तुंबलेल्या पहिल्या घराकडे गाडी घातली.