मरण असेल तर बोला

मॅलकी टूही स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या हातात सुक्या मेव्याचा केक होता आणि तोंडावर आजाऱ्याच्या घरी जाताना चढवतात तो चेहरा. किलाडेरीच्या फुटबॉल क्लबचा तो अध्यक्ष. डिम्पना हेशनने त्याच्यासाठी चहा ओतला, दूध पुढे सरकवलं. पलीकडच्या खोलीत तिची म्हातारी आई नोनी अंथरुणाला खिळली होती, आणि डॉक्टरीणबाई जाताना दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या होत्या की आता दिवसांचाच प्रश्न आहे.

"काय म्हणतायत नोनी?"

"तशीच आहे. सकाळी चार चमचे सूप गेलं पोटात."

"सूप गेलं?" मॅलकी म्हणाला. "बरं, बरं." आणि त्याने केकच्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं.

मागून डिम्पनाचा भाऊ फिन्टन आला. क्लबचा गोलकीपर. लग्नानंतर तो तालुक्याच्या गावी राहायला गेला होता, पण आई आजारी पडल्यापासून कामावरून सुटला की इकडेच येई. त्याला पाहताच मॅलकीने खुर्ची वळवली.

"झालं का समितीशी बोलणं?" फिन्टनने विचारलं.

"झालं. नाही म्हणतायत."

रविवारची मॅच हा सगळ्या गावाच्या घशात अडकलेला काटा होता. चॅम्पियनशिपचं वेळापत्रक काउंटीची समिती वसंतातच लावते. चार-चार संघांचे गट, वरचे दोन पुढे जातात, तळाचे एकमेकांशी झुंजतात, आणि त्या झुंजीतही जो हरेल तो वरिष्ठ वर्गातून खाली. किलाडेरी कधीच खाली गेलं नव्हतं. आजोबांच्या आजोबांपासून नाही. हे वेळापत्रक बघून गावातली पोरं लग्नाच्या तारखा काढतात, बाळांचे बाप्तिस्मे ठरवतात. कॅथल रुएन, संघाचे निम्मे गुण एकटा मारणारा, त्यानेही तसंच बघून लग्न ठरवलं होतं. पण ऑगस्टमध्ये मैदानांवर पाणी साचलं, एक फेरी पुढे सरकली, तिच्यामागे बाकीच्या सरकल्या, आणि शेवटची जीवन-मरणाची मॅच नेमकी त्याच्या मधुचंद्रात येऊन पडली. तो पोर्तुगालमध्ये. परतणार मंगळवारी.

"त्याला म्हणावं, ये की दोन दिवस आधी," फिन्टन म्हणाला.

"म्हटलं. त्याच्या बायकोने, सॉरकाने, फोन घेतला. म्हणाली, खुशाल न्या त्याला, पण मग परत पाठवू नका." मॅलकीने चहाचा घोट घेतला. "एक आठवडा, फिन्टन. एकच आठवडा मागितला मी समितीकडे. तो सेक्रेटरी काय म्हणाला सांगू? म्हणाला, लग्न हे कारण होत नाही. मरण असेल तर बोला."

खेळाडूच्या घरात मरण झालं की मॅच पुढे ढकलायची, ही काउंटीतली सगळ्यांनी पाळलेली रीत. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही, एक फोन पुरतो. मॅलकीने कपाकडे पाहिलं. फिन्टनने आपल्या बुटांकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, ते डिम्पनाने उठून लावून घेतलं.

पण उशीर झाला होता.

"पाय गेलेत माझे, कान नाही," मॅलकी गेल्यावर आई म्हणाली. डिम्पना पलंगाच्या कडेला वाटी-चमचा घेऊन बसली होती. "ठेव ते खाली."

"दोन चमचे तरी घे."

"नको म्हटलं ना. शनिवारपर्यंत आटपायला हवं. रविवारी सकाळी गेले तर पोरं बसमध्ये बसलेली असतील, उगाच तारांबळ."

डिम्पनाला आधी वाटलं, भ्रमात बोलतेय. मग तिने आईचे डोळे पाहिले. लखलखीत होते. कितीतरी दिवसांत ते इतके जागे नव्हते.

"आई, हे पाप आहे."

"तहान नव्हती असं सांगीन देवाला."

"आणि मी? मी इथे बसलेय ना, तुझ्याजवळ?"

"तू काय," नोनी म्हणाली, "तू आहेसच." आणि तिने ओठ मिटले.

ते ओठ डिम्पनाने उभा जन्म पाहिले होते. नोनी हेशनने तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत क्लबच्या जर्सी धुतल्या. परसातल्या दोरीवर पंधरा गडद लाल जर्सी ओळीने वाळत, आणि घरच्यांचे कपडे मग, जागा उरली तर. डिम्पनाच्या पहिल्या कम्युनियनचा, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या दिवसाचा, पांढरा झगा आईने वेळ वाचवायला त्याच पाण्यात टाकला होता. गुलाबी होऊन निघाला. वेदीपाशी बाकीच्या मुली बर्फासारख्या उभ्या आणि मध्ये ही. रडत घरी आली तर आई म्हणाली, "फादरांना कुठे रंग दिसतात? आणि आपलाच तर रंग आहे!" त्या दिवशी किलाडेरी जिंकलं होतं, आणि आईने रात्री सगळ्या संघाला जेवण घातलं होतं. पुढे फिन्टन गोलमध्ये उभा राहू लागला, आणि घरात दुसऱ्या कुणाबद्दल बोलणंच संपलं. आई पडली तेव्हा शहरातली नोकरी सोडून परत आली ती मात्र डिम्पना.

तीन दिवस ते ओठ खाण्यापिण्यासाठी उघडले नाहीत. डिम्पनाने ओला कापूस लावला तर नोनीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलीने हात जोडले, रागावली, एकदा तर खांदे धरून हलवलं आणि मग स्वतःच घाबरून मागे झाली. फादर येऊन मरणाऱ्याच्या कपाळी लावतात ते पवित्र तेल लावून गेले. डिम्पनाने त्यांना यातलं काही सांगितलं नाही. आईची चहाडी फादरांपाशी कशी करायची?

आणि गाव येत राहिलं. केक आले, हॅमचे सँडविच आले, उकडलेला बेकन आला. जो तो दारातच विचारी, "कशा आहेत?" आणि उत्तर ऐकून जरा जास्तच वेळ उभा राही. दुकानात डिम्पना दूध आणायला गेली तर फळीआडून एक आवाज आला, "नोनी म्हणजे आपल्या क्लबची सगळ्यात चिवट बचावपटू. कोणीतरी सांगा तिला, आता सोड बाई." मग हसू, मग कुणीतरी "शू" केलं. दूध न घेताच ती परतली.

शेजारीण फिलोमिना तेवढी रोज येऊन भांडी घासून जाई. "बायकांना मरायलासुद्धा यांची तारीख बघावी लागते," ती साबणाच्या फेसात हात घालून म्हणाली. डिम्पनाला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी फिन्टन आईपाशी बसला. तिने त्याच्या पंजावर आपला हात ठेवला. बोलायला आता कष्ट पडत होते. "बाळा, बॉल... छातीशी धर. पाऊस आहे उद्या."

"हो आई."

"खेळायची वेळच नाही यायची. बघ तू."

तो बाहेर आला आणि सिंकपाशी उभा राहून हुंदके देऊ लागला. डिम्पनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "डिम्पना, खरं सांग," तो म्हणाला. "आज रात्रीत... काय वाटतं तुला?"

मुलगा म्हणून विचारत होता की गोलकीपर म्हणून, हे तिला कळेना. बहुधा त्यालाही कळत नव्हतं.

नोनी गेली ती रविवारी सकाळी, चर्चमध्ये मिस्सेची, रविवारच्या उपासनेची, पहिली घंटा झाल्यावर. शेवटी एकदा डोळे उघडले, मुलीकडे पाहिलं असं वाटलं, आणि म्हणाली, "फोन केलास का त्यांना?" तेवढंच. मग श्वास एकदा आत गेला आणि तिथेच राहिला.

डिम्पनाने डोळे मिटवले. हनुवटी बांधली. हातात जपमाळ गुंडाळली. मग उठली आणि पलंगाजवळची खिडकी सताड उघडली, आत्म्याला वाट मिळावी म्हणून, जशी तिच्या आजीने आजोबांसाठी उघडली होती, जशी त्या गल्लीत प्रत्येक घराने उघडली होती. यात विचार असा नव्हताच. हातांनी केलं. थंड वारा आत आला, पडदा बाहेर उडाला, आणि रस्त्याने चर्चकडे जाणाऱ्यांचे बूट वाजले.

एप्रनच्या खिशात फोन होता. मॅलकीचा नंबर त्यानेच स्वतः घालून दिला होता, "वेळी-अवेळी लागला तर." एक बटण दाबायचं. आईची शेवटची इच्छा होती ती, आणि मेलेल्या माणसाचा शब्द मोडणं किती वाईट, हे डिम्पनाला कुणी शिकवायला नको होतं.

तेवढ्यात तो फोनच वाजला. फिन्टन.

"आम्ही निघतोय. बस सुरू आहे. कशी आहे गं?"

मागून मॅलकीचा आवाज आला, अगदी जवळून, "काय म्हणतेय? काय म्हणतेय ती?"

त्या आवाजात जी आशा होती, ती ऐकली डिम्पनाने.

"झोपलीय," ती म्हणाली. "रात्री बरी गेली. सकाळी चहाही मागितला."

"चहा मागितला?" फिन्टनचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "खरंच?" आणि पलीकडे कुणीतरी जोरात शिवी हासडली.

"तू खेळ जा," ती म्हणाली. फोन ठेवला, खिडकी लावली, आणि आईशेजारी खुर्ची ओढून जपमाळेला सुरुवात केली. एकही मणी चुकला नाही.

दुपारी तिने स्थानिक रेडिओ लावला. याच रेडिओवर नोनी रोज मयतांची नावं ऐकायची आणि मग क्लबच्या बातम्या, त्याच लक्षाने. समालोचक पावसातून ओरडत होता. कॅथल रुएनची जागा कुणालाच भरता येत नव्हती, तरी किलाडेरी दात रोवून उभं होतं. शेवटच्या घटकेला ते दोन गुणांनी पुढे होते. मग समोरच्या संघातल्या, नॉकरोच्या, एका पोराने आशा सोडून दिल्यासारखा उंच बॉल मारला, तो सरळ फिन्टनच्या हातात आला आणि हातातून निसटून आत गेला. गोल. एका गोलचे तीन गुण, म्हणजे किलाडेरी एका गुणाने मागे. शिट्टी. किलाडेरी पहिल्यांदाच खाली गेलं.

डिम्पनाने रेडिओ बंद केला. आईच्या कपाळावर हात ठेवला. दगडासारखं गार झालं होतं. "हरले," ती हळूच म्हणाली. मग फोन उचलला आणि आधी फादरांना, मग डॉक्टरीणबाईंना, मग भावाला सांगितलं, "आत्ता गेली."

रात्री घर माणसांनी भरलं. शवपेटीजवळ एकेकजण येई, हात हातात घेई, "वाईट झालं" म्हणून पुढे सरके. पायथ्याशी गडद लाल जर्सी घडी करून ठेवलेली. फिन्टन कोपऱ्यात बसला होता, अंगावरचा चिखल अजून तसाच. मॅलकी त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "तुझी चूक नाही रे. थोडं आधी..." आणि मग त्यानेच स्वतःची जीभ आवरली. थोड्या वेळाने तो डिम्पनाकडे वळला.

"नेमक्या कधी गेल्या गं?"

"मॅच संपता संपता."

फिलोमिना चहाचा ट्रे घेऊन मधून जात होती. ती थांबली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, दिवसभर ते तिच्या डोक्यात घोळत होतं, एवढंच. "अगं, पण मिस्सेला जाताना मी खिडकी उघडी पाहिली," ती म्हणाली. "पडदा बाहेर आला होता. मी तर तिथेच क्रूसाची खूण केली. म्हटलं, गेली नोनी. मग चर्चमध्ये कुणी काही बोलेना, तेव्हा वाटलं, खोली हवेशीर करत असशील."

ऑक्टोबरात, पावसात, मरणाऱ्या बाईची खोली हवेशीर कुणी करत नाही. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कप जिथल्या तिथे थांबले. फिन्टनने मान वर करून खिडकीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"चहा मागितला म्हणालीस," तो म्हणाला.

तो उठला, तिच्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला, अगदी हळुवार, आणि तिला म्हणाला, "उद्या पेटीमागे चालू नकोस. चर्चमध्ये मागच्या बाकावर बस." भावाने बहिणीशी बोललेलं ते शेवटचं.

महिना झाल्यावर मयताच्या नावाने मिस्सा असते. सगळं गाव येतं, नंतर सगळ्यांना जेवण असतं. डिम्पनाने रविवार सकाळ ठरवली, फादरांनी चर्चमध्ये जाहीर केलं, तिने हॅम उकडून ठेवलं, पाव भाजले. त्याच आठवड्यात क्लबच्या दारावर सूचना लागली: रविवारी सकाळी, मिस्सेच्याच वेळेला, नॉकरोविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना, झाडून सगळ्यांनी यावं. मोसम संपला होता. त्या मॅचची कुणालाच गरज नव्हती. एक आठवडा मागायला दारोदार फिरलेल्या मॅलकीला या वेळी कुणाची परवानगी लागत नव्हती.

फादर भेटायला गेले. "पुढे ढकला की, मॅलकी." मॅलकी म्हणाला, "मरण आहे का कुणाचं, फादर?"

रविवारी चर्चमध्ये फादर होते, मेणबत्ती होती, आणि पहिल्या बाकावर डिम्पना होती. फिलोमिनाही आली नाही. मैदान चर्चच्या भिंतीपलीकडेच. फादरांनी नोनी हेशनचं नाव घेतलं तेव्हा तिकडून आरोळी उठली आणि ते नाव त्या आवाजात बुडालं. फिन्टनने बॉल अडवला असावा. डिम्पनाने गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि प्रार्थनेत आईला शोधू लागली.

पण मिस्सा आणि मॅच, या दोन्हींपैकी आई कुठे गेली असती, हे तिला माहीत होतं.