परिचयातली ओळ

पाळकांनी शेवटचे पान उलटले, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि तीच ओळ मोठ्याने वाचली.

"'पाळकसाहेब आपली पत्नी व एकुलती एक कन्या यांच्यासह गेली अठ्ठावीस वर्षे मंडळीची सेवा करीत आहेत.'"

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पाळकीणबाई धुतलेल्या पडद्यांना कड्या अडकवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोणी लिहिलं हे?"

"हेडमास्तरांनी. लेखकाचा परिचय आहे."

"आणि प्रूफ कोणी तपासलं?"

उत्तर दोघांनाही माहीत होते. समासात हिरव्या पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यांचे अक्षर उजवीकडे झुकलेले होते. ते अक्षर त्यांच्या मुलाचे होते. तो दोन तासांवरच्या गावात एका छापखान्यात कामाला होता. पाळकांच्या चिंतनांचे पुस्तक काढायचे मंडळीने ठरवले तेव्हा ते तिथेच छापायचे, असा आग्रह पाळकांनी धरला होता. "प्रूफं बघायला आमच्याकडे माणूस आहे, पण तुमची मीच बघतो," असे मुलगा फोनवर म्हणाला होता आणि त्याने ती बारकाईने पाहिली होती. एकशे बारा पानांत त्याच्या नजरेतून काही सुटले नव्हते. या ओळीतही 'अठ्ठावीस' खोडून समासात 'एकोणतीस' लिहिले होते. तेच बरोबर होते. मात्र 'एकुलती एक' या शब्दांवरून पेन्सिल तशीच पुढे गेली होती.

पाळकांनी हेडमास्तरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन या गावात आले त्याला अकरा वर्षे झाली होती आणि अकरा वर्षांत त्यांची एकही उपासना चुकली नव्हती.

"बोला साहेब. परिचयात काही राहिलं का? बाप्तिस्म्यांचा आकडा घालायचा होता का?"

"मास्तर, मला दोन मुलं आहेत. एक मुलगाही आहे."

"कधी झालं?" हेडमास्तर म्हणाले आणि लगेच सावरले. "म्हणजे, माफ करा. पण साहेब, मी पहिल्या बाकावर बसतो. कन्येचं सायकल शिकणं ऐकलं, तिनं उतू घालवलेलं दूध ऐकलं, वहिनींची हरवलेली किल्ली तर तीनदा ऐकली. मुलगा कुठं आलाच नाही हो."

"मी त्याला शब्द दिलाय. त्याच्याविषयी व्यासपीठावरून बोलणार नाही म्हणून."

"अस्सं! मग शब्द पाळावा तर तुम्हीच," हेडमास्तर मनापासून म्हणाले.

पाळकांना ते ऐकून बरे वाटले. फोन ठेवून वळले तेव्हा पाळकीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांना तितकेसे बरे वाटले नाही.

मंडळीत पाळकांच्या उपदेशाची एक पद्धत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आधी वचन, मग घरातले एखादे उदाहरण आणि शेवटी आठवडाभरात करण्याजोगी एक गोष्ट. घरचे उदाहरण हा त्यातला लोकांचा आवडता भाग. देव काय मागतो हे कळायला त्याने काल स्वयंपाकघरात काय मागितले ते सांगावे, असे पाळकांचे मत होते. त्यासाठी जेवायला बसतानाही त्यांच्या खिशात छोटी वही असे. लेकीने काही म्हटले की वही बाहेर येई.

मुलगा चौदा वर्षांचा असताना एकदा वहीतून तोही व्यासपीठावरच्या उदाहरणात आला. शाळेच्या संघात निवड झाली नाही म्हणून तो न्हाणीघरात नळ सोडून रडला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पाळकांनी ते फार हळुवारपणे सांगितले. दोन बायकांनी डोळे पुसले. सोमवारपासून शाळेत तो दिसला की मुले नळ सोडू लागली. परीक्षा येईपर्यंत ते चालले. मग एका संध्याकाळी त्याने वडिलांना सांगितले, "मला परत त्यात घेऊ नका." पाळकांनी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. एकोणीस वर्षांत तो मोडला नव्हता.

"त्याला फोन करतो. ते दोन शब्द काढून टाक म्हणतो," पाळक म्हणाले.

"फोनवर नको."

"अगं, एक वाजता शेवटच्या फर्म्याची, शेवटच्या सोळा पानांची, छपाईची प्लेट करणार आहेत. मग बदल करता येणार नाही."

"आत्ता साडेआठ झालेत. नऊची बस आहे." पाळकीणबाईंनी प्रुफांचा गठ्ठा ओढला, पाने चाळली आणि एका पानावर बोट ठेवले. "हे कोणी लिहिलंय? 'माणूस आत्म्याने वाढला की नाही, हे मंडळीला विचारू नये. घरच्यांना विचारावे.'"

"मीच लिहिलंय."

"चांगलं लिहिलंय. मग जा आणि विचारा." त्या पुन्हा कड्या लावू लागल्या. "आणि तिथं जाऊन उपदेश करू नका. तो कामावर असतो."

पाळक हसले. बायकोचे टोमणे त्यांनी आजवर अनेकदा उपदेशात वापरले होते, तिच्या परवानगीने. हा वापरता येणार नव्हता. त्यांनी प्रुफे पिशवीत घातली आणि नऊची बस पकडली. बसमध्ये त्यांना काळजी वाटत नव्हती. अबोला धरलेले भाऊ, तुटायला आलेले संसार, मृत्युपत्रावरून पेटलेली घरे त्यांनी मार्गी लावली होती. ही तर एक ओळ होती.

छापखाना एका काचवाल्याच्या दुकानामागे होता. आत शिरताच शाईचा आणि रॉकेलचा वास आला आणि बोलणे अशक्य करणारा आवाज. मुलगा मशीनच्या टोकाशी उभा होता. बाहेर पडणाऱ्या कागदांतून त्याने एक उचलला, दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला, एक चावी केसभर फिरवली, पुन्हा कागद उचलला. पाळक दाराशी थांबले. त्याला काम करताना ते पहिल्यांदाच बघत होते. चौथ्या कागदावर त्याने मान हलवली आणि तेव्हा त्याला वडील दिसले.

त्याने मशीन बंद केले.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तिनंच पाठवलं."

"मग ठीक." त्याने चिंधीला हात पुसले. "दुरुस्त्या आणल्यात? द्यायच्या होत्या कोणाबरोबर तरी."

पाळकांनी शेवटचे पान टेबलावर पसरले आणि ओळीवर बोट ठेवले. मुलाने वाकून पाहिले. पहिल्यांदा बघत असल्याचा आव त्याने आणला नाही.

"हे तू तसंच ठेवलंस."

"लेखकाच्या मजकुराला आम्ही हात लावत नाही. छापखान्याचा नियम आहे."

"वर्ष बदललंस की."

"ते चुकीचं होतं."

बाजूच्या टेबलावर बाइंडिंगच्या बाई छापील कागदांच्या घड्या घालत होत्या. हाडाच्या पट्टीने त्या प्रत्येक घडी दाबत होत्या.

"मी तुला शब्द दिला होता," पाळक म्हणाले. "तो पाळला."

"पाळलात. त्याबद्दल माझी तक्रार नाही."

"मग?"

मुलगा ओळीकडे बघत बोलला, घरी बोलायचा तसाच, आवाज न चढवता. "मी म्हटलं होतं, तिकडे सांगू नका. ताई बोलायला लागली की तुमची वही निघायची. मी बोलायला लागलो की तुम्ही पेन खाली ठेवायचात. शब्दाचे पक्के! पण बाबा, पेनाबरोबर कानही खाली ठेवायचात. मी तुमच्या कामाचा उरलो नव्हतो."

"असं नाही रे."

"नसेल. मला तसं दिसायचं."

पाळकांकडे उत्तरे होती. निदान तीन होती आणि तिन्ही खरी होती. मंडळीतल्या कोणाला त्यांनी ती दिली असती तर तो माणूस डोळे पुसत घरी गेला असता. त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग शर्टाच्या खिशातले पेन काढून 'एकुलती एक कन्या' यावर एक सरळ रेघ मारली आणि समासात लिहिले, 'एक कन्या व एक पुत्र'.

"सही करा," मुलगा म्हणाला. "बदलाला लेखकाची सही लागते."

त्यांनी सही केली. मुलाने ओळीची लांबी बोटाने मापली.

"परिच्छेद पुढच्या ओळीत जातोय. आता अर्धी ओळ रिकामी राहील. ताईचं पुढे आलंय, 'कन्या शिक्षिका आहेत' म्हणून. त्याला जोडून माझंही घालायचं तर बसेल. नको असेल तर राहू दे."

"तुझी हरकत नाही?"

"हा परिचय आहे. उपदेश नव्हे."

पाळकांनी पेन कागदावर टेकवले. 'पुत्र' एवढे लिहून झाले. तीस वर्षांच्या आसपास त्यांनी दर आठवड्याला वीस मिनिटे, एकदाही न अडखळता, बोलून काढली होती. पेन 'पुत्र' या शब्दापुढे उभे राहिले. मुलगा छापखान्यात आहे हे त्यांना ठाऊक होते. तिथे त्याला काय म्हणतात, ते ठाऊक नव्हते.

"तुझा हुद्दा काय?" ते म्हणाले.

मुलगा तोवर मशीनकडे वळला होता आणि शाईच्या डब्याचे झाकण काढत होता. त्याने उत्तर दिले नाही. पाळकांना ते योग्यच वाटले. त्यांनी थोडे थांबून पुन्हा विचारले, व्यासपीठावरून शेवटच्या बाकासाठी विचारावे तसे नव्हे, हलकेच. तो शाई ढवळत राहिला.

बाइंडिंगच्या बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"काका, त्या बाजूनं विचारून उपयोग नाही. आमच्या दादांचा डावा कान मशीननं खाल्लाय. निम्मं ऐकू जातं, तेही मनात असेल तर. उजवीकडून या."

"बाई," मुलगा न वळता म्हणाला, "फर्मे मोजा."

"बघा, माझं बरोब्बर ऐकू येतं. मी उजवीकडे बसते ना!"

पाळक पेन हातात घेऊन उभे होते. गेल्या खेपेला घरी आला होता तेव्हा ताटावर बसून त्याने तीन प्रश्नांना उत्तर दिले नव्हते. तो गेल्यावर त्यांनी बायकोला म्हटले होते, अजून मनात धरून बसलाय. ती म्हणाली होती, तुम्ही टेबलाच्या टोकाला, त्याच्या डावीकडे बसता, तो काय करणार. त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा त्यांना लागला नव्हता. तिला किती माहीत होते, हे घरी गेल्यावर विचारायला हवे होते.

मशीनला वळसा घालायला जागा थोडी होती. कागदाच्या रिमांमधून अंग चोरत, कोटाला शाई लावून घेत ते पलीकडे गेले.

"तुझा हुद्दा काय, म्हणत होतो."

"मशीनमन." डब्याचे झाकण परत बसवून तो म्हणाला, "हेड मशीनमन. मागच्या वर्षीपासून."

पाळकांनी ते मशीनच्या कडेवर कागद ठेवून लिहिले आणि पान त्याच्याकडे दिले. त्याने वाचले. समासात आपली खूण केली आणि प्लेट करतात त्या खोलीकडे निघालेल्या माणसाच्या हातात दिले. एक वाजायला अजून अवकाश होता.

"झालं तुमचं काम," मुलगा म्हणाला. "साडेबाराची बस मिळेल."

"कान कधीपासून?"

"झालं दीड वर्ष."

"डॉक्टर काय म्हणाले?"

मुलाने वडिलांच्या हातांकडे पाहिले, मग त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे, मग चेहऱ्याकडे.

"मोठी कथा आहे. दोन डॉक्टर झाले, दोघांचं जमत नाही एकमेकांशी. एक म्हणतो काम बदला. आणि मधे मधे हे छपाईचं मशीन चालवावं लागेल मला. बस जाईल तुमची."

"जाऊ दे," पाळक म्हणाले.

भिंतीशी एक स्टूल होते, शाईच्या डागांनी काळे झालेले. ते त्यांनी उचलून आणले, मुलाच्या उजव्या हाताला ठेवले आणि त्यावर बसले. मुलाने कळ दाबली. मशीनचा आवाज वाढत गेला, तसा तो बोलण्यासाठी जरा खाली वाकला.