ऐकल्याचा पुरावा

टकळीला हे नाव तिच्या आईनेच ठेवलं होतं, आणि आईने ठेवलेलं नाव सहसा चुकत नाही. सकाळी तोंडाचा पट्टा सुरू झाला की डोळ्याला डोळा लागेपर्यंत थांबायचा नाही. पोरगी मनाने मात्र निर्मळ. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडायची, तेही त्याचे कष्ट वाचावेत म्हणून.

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. नोकरीसाठी मुलांची नावं पाठवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाला एक फाईल करायला लावली होती. अंगातले गुण लिहायचे आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा: काय घडलं, तुम्ही काय केलंत, साक्षीदाराची सही. टकळीला ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या कंपनीत जायचं होतं. नेमका त्या कंपनीला 'ऐकून घेणे' हा गुण हवाच होता.

भाषणाचं प्रशस्तिपत्र होतं, नाटकाचे फोटो होते. ऐकल्याचा फोटो कसा काढणार? तिने कानाशी हात नेऊन एक काढून पाहिला. त्यात तिचा कान ठणकतोय असं वाटत होतं.

मग तिने वहिनीला गाठलं. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि या घरात येऊन वर्ष होत आलं तरी तिचा आवाज कुणाला धड ठाऊक नव्हता.

“वहिनी, मी तुझं ऐकते, असं लिहून सही दे ना.”

“कधी ऐकलंस गं?” वहिनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“म्हणजे काय! परवा तुझ्या दुकानातली गंमत नाही का...”

“ती तू सांगत होतीस. मला. माझ्याच दुकानातली.”

“बरं, मग आत्ता बोल. रेकॉर्डच करते.”

रेकॉर्डिंग लावून पाहिलं. सुरुवातीला वहिनीचं 'अगं' होतं, शेवटी 'चहा टाकू?' होतं. मधे सगळी टकळीच. ते ऐकताना टकळीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. तिने फोन पुन्हा सुरू केला, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि ओठ घट्ट मिटले.

वहिनीला सुरुवात करायला बराच वेळ लागला. “मालकीणबाई विचारतायत, दुसऱ्या गावातलं नवं दुकान सांभाळशील का. आठवडाभर तिकडे राहायचं, सुट्टीला घरी. मला फार जायचंय गं. पण ह्यांना, आईंना कुठल्या तोंडाने सांगू? शनिवारी नाही म्हणून टाकते.”

टकळीच्या जिभेवर ढीगभर सल्ले आले. तिने ते गिळले. “आणखी?” एवढंच म्हणाली. चादरी संपल्या, टॉवेल संपले, तरी वहिनी बोलत होती. शेवटी डोळे पुसून तिने झोकात सही ठोकली. “पण हे कुणाला सांगायचं नाही हं.”

टकळीने तिच्यासमोरच रेकॉर्डिंग पुसलं.

शुक्रवारी मॅडमनी फाईल उघडली. “सही आहे, पण काय ऐकलंस ते कुठंय?”

“ते सांगता येणार नाही, मॅडम.”

“एखादं वाक्य तरी?”

जीभ कसली, जन्माची वैरीण ती! दातांपाशी येऊन उभी राहिली. टकळीने नकारार्थी मान हलवली.

“मग तुझं नाव नाही पाठवता येणार, बाळ.”

“नका पाठवू,” म्हणून टकळी उठली आणि जिन्यात बसून पोटभर रडली.

रात्री जेवताना आई तिच्यावर करवादली. “दोन ओळी लिहायला काय धाड भरली होती? एरवी तर तोंडाला कुलूप नसतं!”

“आई, ही कुणाचं ऐकेल तेव्हा लिहील ना,” दादा हसत म्हणाला.

टकळी ताटात बोटाने रेघोट्या ओढत राहिली. एरवी तिने दादाला सळो की पळो करून सोडलं असतं. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, आणि हातातली वाटी खाली ठेवली.

“मला थोडं बोलायचंय,” ती म्हणाली. पण इतक्या हळू, की दादाची टिंगल चालूच राहिली.

टकळीने टेबलावर थाड्कन हात आपटला.

“दादा, गप्प बस. वहिनी बोलतेय.”