गाडीचं दावं

"मानसिंगराव, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नव्हता, आणि ती तर कुठल्याही बुवाबाबावर ठेवायची," मी म्हणालो.

"मग सांगताय कशाला, आण्णा?" मानसिंग हसला. हा माळशिरसचा ट्रकवाला. त्याचा ट्रक अक्कलकोट रस्त्यावरच्या धुळाप्पाच्या गॅरेजात येऊन अडला होता, आणि धुळाप्पा ट्रकच्या खाली. बाहेर नुसते दोन पाय दिसत होते. भिंतीच्या सावलीत त्याची बायको चंद्रव्वा भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. नवरा बाहेर आला की वाढायचं आणि तशीच गोदावरीबाईंकडे कामाला जायचं, हा तिचा रोजचा नेम.

"ते पाय बघा," मी म्हणालो. "त्या पायांच्या धन्यानं एका मेलेल्या माणसाला सोलापुरात अडकवून ठेवलंय."

पाय जरा हलले. मी पुढं सांगू लागलो.

यज्ञेश्वर वकील म्हणजे गोदावरीबाईंचे यजमान. मी त्यांचा कारकून. इंग्रज गेले तेव्हा एका गिरणीच्या साहेबाकडून वकिलांनी एम. जी. घेतली. दोनच माणसांची विलायती मोटार, वर कापडाचं टप, सायकलसारखी तारांची चाकं, आणि इतकी बुटकी की शेजारून बैल गेला तर आत बसलेल्याला त्याचं पोटच दिसावं. कोर्ट सुटलं की वकील गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवायचे. तो ऐकून बाई चहाचं आधण ठेवायच्या. उभ्या संसारात दोघं एवढंच बोलले असतील, पण रोज बोलले.

वकील गेले ते कोर्टातच. मोटार आम्ही ढकलत घरी आणली, पत्र्याच्या शेडमध्ये लावली. आणि दिवस-कार्य उरकल्यावर, एका दुपारी, शेडमधून हॉर्न वाजला. दोनदा.

"बॅटरीत जीव आसंल की."

"बॅटरी माझ्या खाटेखाली होती, मानसिंगराव."

पुढं टप फाटलं, सीटवर शेजारच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या, पण हॉर्न काही चुकला नाही. बाई आधण ठेवायच्या, दोन कप भरायच्या, आणि एक निवला की कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायच्या. त्यांच्या आमटीला चहाचा वास यायचा, तो त्यामुळं.

अखेर आणीबाणीच्या आदल्या वर्षी त्यांनी धुळाप्पाला बोलावून घेतलं. "ही नीट करा आणि विकून टाका," म्हणाल्या. "मी किती वर्षं चहा टाकत राहू? आपण गेलोय हे त्यांना कळतच नाहीये. गाडी गेली तर तेही सुटतील आणि मीही."

धुळाप्पा त्या गाडीमागं खुळा झाला. पत्रा ठोकून सरळ केला, मिळाले नाहीत ते भाग लेथवर करून घेतले, वहाणा शिवणाऱ्याकडून सीटला कातडं चढवलं. पाना हरवला की तो नुसतं "वकीलसाहेब" म्हणायचा, आणि पाना बॉनेटवर सापडायचा.

"व्हय का वो?" मानसिंगनं पायांना विचारलं.

"आण्णास्नीच इचारा," ट्रकखालून आवाज आला. "माझ्यापरास त्यास्नी जास्ती ठावं हाय."

वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मुंबईहून एक साहेब आला, गाडीत बसला, लहान पोरासारखा खूष झाला. सगळं ठरलं. त्यानं हात पुढं केला, "किल्ली?"

"ती न्हाय मिळायची," धुळाप्पा म्हणाला.

त्याचा बाप बाजारात बैलांचा व्यापार करायचा, आणि बापानं शिकवलेलं एकच शहाणपण याच्या डोक्यात पक्कं होतं. "जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाय. दाव्यासंगं दावणीची लक्ष्मी जाती. नवं दावं घेणाऱ्यानं आणायचं आसतंय."

"अहो, ही मोटार आहे!"

"म्हणून तर किल्ली हाय. बैल आसता तर दावं आसतं."

साहेब चिडून बाईंकडे वळला. आता बघा, बाईंना तर सगळंच जायला हवं होतं, दाव्यासकट. "द्या ती," एवढं म्हणाल्या असत्या तर वकील त्याच दिवशी कायमचे वाटेला लागले असते. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पदर सावरला. गाडीकडं बघितलं, शेडमधल्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग धुळाप्पापुढं हात केला, किल्ली घेतली आणि आत निघून गेल्या. धुळाप्पानं तारा जोडून गाडी चालू करून दिली.

"मग?" मानसिंग आता हसत नव्हता.

"मग काय! जनावर गेलं, पण दावं राहिलं, तसे वकीलही राहिले. मोटार मुंबईत, आणि हॉर्न आजही आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाजतो. कुत्री उठून वाट देतात. गेल्याच आठवड्यात मी तिथं बसलो होतो. बाईंनी दोन कप भरले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातल्या एका कपातला चहा हळूहळू—"

"खोटं," चंद्रव्वा म्हणाली.

ट्रकखालची ठोकाठोक थांबली.

"काय वाजत न्हाय तितं, रामहरीआण्णा. गाडी गेली त्या दिसापास्नं एकडाव बी वाजला न्हाय. बाई आधण ठिवायच्या आधी माज्याकडं बघत्यात. 'चंद्रव्वा, वाजला ना गं?' म्हंत्यात. आन मी व्हय म्हंते."